बाटलीचा कौल

मला राग लवकर येतो, हे रत्नागिरीत बऱ्याच जणांना ठाऊक आहे. दात दाखवायला आलेला माणूस माझ्याच खुर्चीत बसून मलाच विचारायचा, "डॉक्टर कधी येणार?" तेव्हाही राग यायचा. पण तो दुपारच्या जेवणापर्यंत उतरायचा. गिरण्यांचा संप चालू होता त्या वर्षीच्या शिमग्यातला एक राग मात्र अजून उतरलेला नाही. लिहून उतरेल असंही वाटत नाही, पण लिहिते.

माझा दाताचा दवाखाना एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत होता. मी राहायची मांडवीला. एके सकाळी दार उघडायच्या आधीच पायरीवर एक बाई बसलेली दिसली. राजापूरकडच्या एका आतल्या गावातून पहिल्या गाडीने आलेली. मांडीवर सहा वर्षांची मुलगी, डोक्यावरून हनुवटीखाली फडकं बांधलेलं. फडकं सोडलं तर उजव्या गालावर कसल्याशा पाल्याचा वाळलेला लेप, आणि त्याखाली गाल असा सुजलेला की तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. पोरगी रडत नव्हती. दुखतंय का विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली. मला तेच आवडलं नाही. दात किडून गाल एवढा सुजला असता तर तिने हात लावू दिला नसता.

माझ्याआधी तिला बाकीच्यांनी पाहून झालं होतं. पहिल्या डॉक्टरने गालगुंड म्हणून सांगितलं. गालगुंड आठवड्याभरात उतरतात, हे चढतच राहिलं. दुसऱ्याने गळू ठरवून चिरलं. पू आला नाही, रक्त आलं. पू नसलेलं गळू कसलं, असा प्रश्न शाळकरी पोरालाही पडला असता. या गृहस्थांना पडला नाही, त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. तिसरा माझ्याच व्यवसायातला, त्यामुळे त्याचा राग जास्त. त्याने हलणारी दाढ उपटली. दाढेबरोबर मऊ मांसाचा लोळा आला. तो त्याने दाढेसकट बादलीत टाकला आणि त्या बाईला म्हणाला, "सहाव्या वर्षी दात हलणारच हो, एवढं काय घाबरायचं?" रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच.

सहाव्या वर्षी दात हलतात, खरं आहे. पण हलतात ते पुढचे. मागच्या दुधाच्या दाढा त्यानंतर कितीतरी वर्षं जागेवर असतात. या मुलीचे पुढचे दात खुंटीसारखे घट्ट होते आणि मागे उरलेली दाढ बोट नुसतं लावलं तरी डुलत होती. मुलांचे दात कुठल्या क्रमाने पडतात हे घराघरातल्या आयांना माहीत असतं, तिच्या आईलाही होतं. तिने ते तिन्ही डॉक्टरांना सांगितलं होतं. तिघांनीही ऐकून घेतलं नाही, कारण सांगणारी पदर खोचलेली बाई होती आणि बरोबर पुरुष माणूस नव्हता.

मी एक्स-रे काढला. फिल्म धुऊन खिडकीशी धरली. दाढेभोवती हाड असायला हवं, तिथे वाळवीने खाल्लेल्या फळीसारखं काहीतरी होतं आणि दाढ मधेच अधांतरी होती. अशी फिल्म मी त्याआधी एकदाच पाहिली होती, मुंबईला शिकत असताना. आमच्या सरांनी ती वर्गात धरून सांगितलं होतं, "असं चित्र तुमच्यापैकी फार तर एखाद्याला आयुष्यात दिसेल. ज्याला दिसेल त्याने कृपा करून दात काढत बसू नये."

लहान मुलांच्या जबड्यात कॅन्सर होतो, हे तेव्हा लोकांना सोडाच, डॉक्टरांनाही सांगून खरं वाटत नसे. कॅन्सर तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्यांना होतो, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. आणि मुलांमधला तो एकाच जातीचा नसतो. एखाद्या जातीत जबड्याचा भाग कापून काढावा लागतो. एक जात अशी आहे की ती आज पाहिली त्याहून उद्या मोठी असते, पण औषध वेळेवर मिळालं तर तितक्याच झपाट्याने विरघळते. कापायचीही गरज पडत नाही. मला या मुलीत त्या जातीचा संशय आला. पण संशयावर कोणी विषारी औषधं देत नाही. मांसाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवा होता आणि तशी सोय रत्नागिरीत नव्हती. तुकडा औषधी पाण्याच्या बाटलीत घालून मुंबईला सरांकडे पाठवायचा. पाठवायचा म्हणजे काय, तर पेशंटच्या माणसाच्या हातात द्यायचा. सगळीकडे तसंच चालायचं.

"तुकडा काढू ना?" मी आईला विचारलं. तिचा नवरा मुंबईला एका कँटीनमध्ये कामाला. ती म्हणाली, "भावोजींना इचारूक व्हवं."

भावोजी म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. गिरणीत कामाला होता, संपामुळे गावी येऊन बसलेला. घरातला प्रत्येक पुरुष मुंबईला गेला तो आधी त्याच्या खोलीवर उतरला, तिथेच जेवला, तिथूनच नोकरीला लागला. मुलीचा बापही अजून तिथेच राहत होता. त्यामुळे घरात त्याचा शब्द शेवटचा. आता गिरणी बंद, हाताला काम नाही, उरला होता फक्त तो शब्द. तोही गडी जपून वापरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आला. माणूस वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. पुतणीला खांद्यावरून घेऊन आला होता. मी त्याला समोर बसवलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. हा कॅन्सर असावा. तुकडा काढून तपासला की तो कुठला ते कळेल. कळलं की औषध सुरू. उशीर झाला तर पोरगी हाती लागणार नाही. त्याने सगळं ऐकलं, दोनदा "बरं" म्हणाला. मी भूल देऊन दाढेच्या रिकाम्या जागेतून तुकडा घेतला, बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या पिशवीत ठेवली. सरांना चिठ्ठी दिली. "गावास जाऊन कपडे घेतंय नि उद्याच्या गाडीनं मुंबय," तो म्हणाला.

मी तारेची वाट पाहू लागले. आठवडा गेला. पोस्टमन गल्लीत दिसला की मी हातातलं काम सोडून दाराशी जायची. शेवटी ट्रंककॉल लावला. अर्धा दिवस फोनजवळ बसल्यावर सर लाइनवर आले, आणि म्हणाले, "कसली बाटली? माझ्याकडे कोणी आलंच नाही." मग म्हणाले, "तुला वाटतंय ते असेल तर आता बाटलीची वाट पाहू नकोस. मूलच पाठव."

दवाखान्याला कुलूप लावून मी राजापूरची गाडी पकडली. वाटेत मी मनातल्या मनात अनेक कारणं शोधली. बाटली फुटली असेल, गाडी चुकली असेल, मुंबईत पत्ता सापडला नसेल. जे झालं होतं ते मात्र मला सुचलं नाही. सुचलं असतं तर मी चालकाला गाडी पळवायला लावली असती.

मुलीचा काका घरीच होता. ओटीवर बसून सुंभ वळत होता. मुलगी आईच्या मांडीवर, गाल आता डोळ्याखालपर्यंत चढलेला, उजवा डोळा अर्धा झाकलेला. मी विचारलं, "बाटली?"

"ती पाण्यात सोडली," तो म्हणाला. चोरून केल्यासारखं नाही, काम उरकल्यासारखं.

मग त्याने सांगितलं. तो बाटली घेऊन घरी पोचला त्याच्या दुसऱ्या दिवशी गावदेवीची पालखी घरी यायची होती. अंगण सारवलेलं, तोरण लावलेलं, आणि घरात पिशवीत जित्या पोरीच्या मांसाचा तुकडा. जाणत्यांनी ती पिशवी आधी घराबाहेर लाकडांच्या राशीवर ठेवायला लावली. मग मानकरी म्हणाले, पोर जिवंत असताना तिच्या अंगाचा तुकडा गावाच्या शिवेबाहेर परक्याच्या हाती कसा द्यायचा? त्यावर कोण काय करील? देवीलाच विचारू. पालखी देवळात परत गेल्यावर गुरवाने कौल लावला. आमच्याकडे कौल म्हणजे मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट पाहतात. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार.

"देवीनं डावा दिलान," काका म्हणाला. "मग नारळ देऊन नदीत सोडली. आता रोग पण तिच्यावांगडा वाहून गेला म्हणायचा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ओटीवर माणसं जमली, त्यात गुरवही होता. मी ओरडून सांगत होते की पोरीचा गाल बघा, रोग गेलाय का बघा, आणि ती सगळी गालाकडे न बघता माझ्याकडे बघत होती, कारण बाईमाणूस असं ओटीवर चढून बोलतंय हे त्यांना गालापेक्षा जास्त अघटित वाटत होतं. मी म्हटलं, "मुलीला आत्ता माझ्याबरोबर द्या. रात्रीच्या गाडीने मुंबईला नेते."

"तसं न्हाय करता येत," काका म्हणाला. "कौल झालाय."

"मग परत लावा."

"एकदा दिल्यावर परत इचारायचं म्हंजे देवीची परीक्षा बघायची. तुमी शिकलेल्या. तुमाला न्हाय कळायचं."

देवीशी माझं भांडण नाही. तेव्हाही नव्हतं. देवी बिचारी, जे विचाराल त्याचं उत्तर देते. माझं भांडण विचारणाऱ्यांशी आहे. पाच-पन्नास पुरुष देवळात उभे राहिले आणि त्यांनी एका बाटलीचं काय करायचं ते विचारलं. या मुलीचं काय करायचं, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. मांसाच्या तुकड्याची विटाळापासून शिवेपर्यंत सगळी चिंता झाली. तो ज्या गालातून काढला होता तो गाल कोणाच्या गाऱ्हाण्यात आलाच नाही.

हे मला त्या वेळी इतकं नीट सांगता आलं नसतं. रागात माझं डोकं चालत नाही. सांगितलं ते मुलीच्या आईने. इतका वेळ ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. दिराच्या समोर ती बोलत नसे, त्यामुळे ती गुरवाकडे बघून बोलली.

"दादा, कौल बाटलीचा झाला ना?"

गुरव म्हणाला, "व्हय."

"मग पोरीचा अजून झालाच न्हाय."

गुरवाने जरा विचार केला. म्हातारा माणूस, घाई नसलेला. मग म्हणाला, "बरोबर बोलताय ती. हा प्रश्न येगळा. हा इचारता येतो." काकाने तोंड उघडलं, पण गुरवाने नियम सांगितला म्हटल्यावर त्याला नियमाविरुद्ध जाता येईना. नियम सांगत तर तो मघापासून स्वतःच बसला होता.

संध्याकाळी सगळे देवळात गेलो. बायका मागे खांबापाशी. मुलगी आईच्या कडेवर झोपलेली, तोंडातून लाळ गळत होती कारण ओठ मिटत नव्हते. गुरवाने पाकळ्या लावल्या, मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं की लेकराला मुंबईस नेऊन इलाज करायचा आहे, तुझी मर्जी असेल तर उजवा दे, लेकरू बरं झालं तर गाव तुझा नवस फेडील. आणि आम्ही सगळे दोन पाकळ्यांकडे बघत उभे राहिलो. समईच्या उजेडात त्या चिकटून बसलेल्या. मला वाटलं, मी चार वर्षं शिकले, सरांनी फिल्म धरून दाखवली, मी रोग ओळखला, आणि आता सगळं एका पाकळीच्या ओलाव्यावर आलंय. संताप, लाज, भीती, सगळं एकदम होत होतं. मी हात जोडले होते, हे खोटं कशाला सांगू? उजवी पड, एवढंच म्हणत होते.

उजवी पडली.

मुंबईच्या वाटेवर गाडीत मी मुलीच्या आईला विचारलं, "डावी पडली असती तर?"

"तरी नेली असती," ती म्हणाली. "पण मग मागारी यायला घर न्हाय ऱ्हायलं असतं. पोरगी वाचली तरी तिला घेऊन जायचं खय?"

मला वाटत होतं की तिने युक्ती केली. ती युक्ती नव्हती. तिला मुलगी हवी होती आणि घरही हवं होतं, आणि दोन्ही मागायला तिच्याकडे तेवढी एकच वाट होती. एका आईवर ही पाळी आणणाऱ्या सगळ्यांचा मला राग येतो. त्यात गाव आहे, आणि तिचं न ऐकणारे आमचे डॉक्टरही आहेत. गावाने निदान देवीला तरी विचारलं. डॉक्टरांनी कोणालाच विचारलं नाही.

मुंबईला सरांनी त्याच दिवशी नवा तुकडा घेतला. संशय खरा निघाला, तीच जात. औषध सलाईनमधून सुरू झालं. मुलीला उलट्या झाल्या, केस गेले, तोंडात फोड आले. पण गाल असा उतरत गेला की वॉर्डातल्या नर्सा येऊन बघून जात. काही दिवसांत डोळा पूर्ण उघडला. मात्र हे औषध एकदा देऊन भागत नाही. पुन्हा पुन्हा यायचं, इंजेक्शनं घ्यायची, रक्त तपासायचं. मधेच सोडलं तर हा रोग परत येतो आणि मग ऐकत नाही. हे सरांनी आईला बजावलं. दर खेपेला मायलेकी उतरायच्या काकाच्या खोलीवर. मुंबईत त्यांना दुसरं छप्पर नव्हतं.

दसऱ्याला गावाने नवस फेडायचा ठरवला आणि मला बोलावणं आलं. मुलगी डोक्याला रुमाल बांधून देवळाच्या आवारात इतर पोरांबरोबर धावत होती. बघून मला रडू आलं. मग मानकऱ्यांनी काकाला पुढे बोलावून मानाचा नारळ दिला. आणि काका बोलायला उभा राहिला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो त्या दिवशी मी फेटा बांधलेला पाहिला.

"तुकडा पाण्यात सोडला तवाच रोगाची मुळी तुटली," तो सांगत होता. "नंतरचा दवापाणी झाला तो झाला. पण मूळ कुणी तोडलान? देवीनं. कौल मी मागितला व्हता." लोक माना डोलवत होते. कुणाच्या तरी पोराला उद्या असाच गाल सुजेल आणि ही माणसं नदीवर जातील, हे मला लख्ख दिसत होतं. मी उठले. काय बोलायचं ते सगळं तयार होतं.

माझं मनगट कोणीतरी घट्ट धरलं. मुलीची आई शेजारी येऊन बसली होती.

"बाय, आता नको," ती खालच्या आवाजात म्हणाली. "अजून इंजेक्शनं बाकी हायत. पुढल्या म्हयन्यात जायचं हाय. तेंच्या खोलीबिगर आमी खय उतरू?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग तिला परवडण्यासारखा नव्हता, तो मला परवडत होता. मी आत्ता खरं बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, चार लोकांत काकाचं तोंड उतरलं असतं, आणि मुलीची खेप चुकली असती.

काका प्रसादाचं ताट घेऊन आमच्यापर्यंत आला. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि जरा थांबला. मी काय बोलते याची वाट बघत होता. ओटीवरचं माझं बोलणं तोही विसरला नव्हता.

"तुमच्यामुळे वाचली मुलगी," मी म्हणाले.

इतकं धडधडीत खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. काकाचा चेहरा उजळला. त्याने ताट दुसऱ्या हातात घेतलं, माझ्याजवळ टेकला आणि घरच्या माणसाने विचारावं तसं विचारलं, "पुढली तारीख कवाची दिलीय डाक्टरांनी?"

मी तारीख सांगितली.

"मी सोता घेऊन जातंय तिला," तो म्हणाला.